वजाबाकीवर किती विश्वास ठेवायचा? खोल समुद्रातल्या फोर-डी सिस्मिकचे पेपर वाचताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक नकाशा काढला आणि त्यावर दीड पान लिहिलं. खोल समुद्रातल्या एका तेलक्षेत्राचे दोन सिस्मिक सर्वे होते, मध्ये काही वर्षांचं अंतर. दुसऱ्यातून पहिला वजा केला, तर तेलसाठ्याच्या पातळीवर उत्तर-दक्षिण जाणारा एक लांबट लाल पट्टा दिसला. माझ्या रंगसंगतीत लाल म्हणजे खडक पूर्वीपेक्षा मऊ झाला. मऊ झाला म्हणजे तेलातून वायू सुटला असणार. पट्ट्याची दिशा वाळूच्या पुरातन चॅनेलशी जुळत होती, शेजारच्या विहिरीतून तेलाबरोबर येणारा वायूही वाढला होता. सगळं इतकं छान जुळलं की मी लगेच लिहायला बसले.

सरांनी ते वाचलं आणि एकच प्रश्न विचारला: "हाच नकाशा साठ्याच्या चारशे मिलिसेकंद वर काढून बघितलास का?"

नव्हता बघितला. काढला. लाल पट्टा तिथेही होता. त्याच जागी, त्याच दिशेला. तिथे ना तेल, ना वायू, ना कुणी तिथून काही उपसलेलं. पट्टा सर्वेच्या जहाजाच्या फेऱ्यांचा होता. दोन्ही वेळा जहाज अगदी एकाच रेषेवरून गेलं नव्हतं, आणि तो फरक खालपर्यंत छापला गेला होता.

दीड पान डिलीट झालं, त्याचं दुःख दोन आठवड्यांत ओसरलं. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. माझा पट्टा खोटा आहे हे मला कळलं, कारण डेटा माझ्याकडे होता आणि वरच्या थरांचा नकाशा मी काढू शकले. छापलेल्या पेपरातल्या लाल पट्ट्याचं काय? तो वाचणाऱ्याला कसा तपासता येणार? आजचं लिखाण त्याबद्दल आहे. फोर-डी सिस्मिकच्या 'यशोगाथा' आपण कशा वाचायच्या, आणि त्या लिहिणाऱ्यांकडून काय मागायचं.

आधी गोष्ट काय आहे

समुद्रातला सिस्मिक सर्वे म्हणजे, थोडक्यात, जहाजामागे ओढलेल्या एअरगनमधून दाबाखालची हवा सोडून आवाज करायचा आणि समुद्रतळाखालच्या थरांवरून परतणारा प्रतिध्वनी हायड्रोफोनवर टिपायचा. त्यातून खडकांचं त्रिमित चित्र मिळतं. हाच सर्वे काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा केला की काळ ही चौथी मिती येते, म्हणून फोर-डी. पहिल्या सर्वेला बेस म्हणतात, नंतरच्याला मॉनिटर. मधल्या काळात साठ्यातून तेल काढलेलं असतं, पाणी किंवा वायू आत सोडलेला असतो. त्यामुळे खडकातला ध्वनीचा वेग आणि घनता थोडी बदलते, प्रतिध्वनीची तीव्रता बदलते. मॉनिटर वजा बेस, म्हणजे झालेला बदल. निदान आशा तरी तशी असते.

खोल पाण्यात याचं महत्त्व जास्त का? कारण विहिरी कमी असतात. जमिनीवर शंका आली तर आणखी एक विहीर खणून बघता येते. हजार-दीड हजार मीटर पाण्याखाली एकेक विहीर प्रचंड महाग, आणि आधीच्या विहिरीत उपकरण उतरवणंही सोपं नाही. दोन विहिरींमधल्या भागात पाणी कुठवर पोचलं, तेलाचा कुठला कप्पा तसाच राहिला, हे सांगणारं दुसरं फारसं काही नसतं. म्हणून पुढची विहीर कुठे खणायची हा निर्णय बऱ्याचदा या वजाबाकीच्या नकाशावर टेकलेला असतो. नकाशा चुकला तर नुकसान फक्त पेपराचं होत नाही.

समुद्र हाही उपकरणाचा भाग आहे

पेपरांमध्ये प्रोसेसिंगवर एक परिच्छेद असतो. त्यात 'पाण्याच्या वेगातील बदलासाठी दुरुस्ती केली' असं अर्धं वाक्य येतं आणि वाचक पुढे जातो. त्या अर्ध्या वाक्यात किती काय दडलंय ते एकदा आकडे मांडून बघू. कागद-पेन्सिल घ्या, कॅल्क्युलेटरही चालेल.

समजा पाणी १,४०० मीटर खोल आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला १,५०० मीटर. जाऊन-येऊन २,८०० मीटर, म्हणजे सुमारे १.८७ सेकंद. आता दुसऱ्या सर्वेच्या वेळी वरच्या थरातलं तापमान वेगळं होतं, आणि सरासरी वेग फक्त २ मीटरने वाढून १,५०२ झाला. तर प्रतिध्वनी साधारण २.५ मिलिसेकंद लवकर येईल. भरती-ओहोटीने पाण्याची उंची एका मीटरने बदलली तर आणखी १.३ मिलिसेकंद.

आणि साठ्याचा स्वतःचा बदल किती? समजा वाळूचा थर ५० मीटर जाड आहे आणि त्यातला वेग २,४०० मीटर. त्यातून जाऊन-येऊन सुमारे ४२ मिलिसेकंद लागतात. उत्पादनामुळे वेग ५ टक्क्यांनी बदलला, जो मऊ वाळूत चांगला मोठा बदल मानला जाईल, तरी वेळेतला फरक २ मिलिसेकंदांच्या आसपास.

म्हणजे आपण शोधतोय तो फरक आणि समुद्राने उगाच केलेला फरक, दोन्ही एकाच मापाचे. शिवाय सर्वे काही एका दिवसात होत नाही. तो आठवडे, कधी महिने चालतो, आणि पाणी रोज थोडं वेगळं असतं. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांमध्येही पायरी पडते. माझा लाल पट्टा याच कुळातला.

तुलनेसाठी आपलं मुंबई हाय घ्या. १९७४ साली सापडलेलं हे क्षेत्र साधारण ७५ मीटर पाण्यात आहे. तिथे वेगातला तोच २ मीटरचा फरक केवळ ०.१३ मिलिसेकंद देतो. पण तिथला साठा मुख्यतः चुनखडकात आहे. चुनखडक कडक असतो, आतला द्रव बदलला तरी त्याचा वेग मऊ वाळूइतका बदलत नाही. म्हणजे एकीकडे समुद्र त्रास देत नाही तर खडक बोलत नाही, दुसरीकडे खडक बोलतो पण समुद्र मध्ये मध्ये बोलतो. 'फोर-डी चालतं' किंवा 'चालत नाही' असं सरसकट विधान दिसलं की म्हणून सावध व्हायचं. कुठल्या खडकात, किती पाण्याखाली, हे आधी विचारायचं.

एक आकडा आणि त्याची मर्यादा

दोन सर्वे एकमेकांशी किती जुळतात हे सांगायला सगळे एनआरएमएस नावाचा आकडा देतात. क्राग आणि क्रिस्टी यांच्या २००२ सालच्या लेखानंतर तो जणू प्रमाणपत्रच झाला. व्याख्या सोपी आहे: फरकाचा आरएमएस भागिले दोन्ही सर्वेंच्या आरएमएसची सरासरी, टक्क्यांत. दोन्ही हुबेहूब सारखे असतील तर शून्य. दोन्हींचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल, निव्वळ नॉइज असेल, तर १४१. एक दुसऱ्याच्या अगदी उलटा असेल तर २००. जितका कमी तितकं चांगलं.

आकडा उपयोगी आहे, वाद नाही. पण तो कसा वागतो ते बघा. ३० हर्ट्झच्या लहरीला फक्त एक मिलिसेकंद सरकवा, बाकी काहीही बदलू नका. एनआरएमएस थेट १९ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे एवढ्याशा सरकण्याला तो इतका हळवा आहे. उलट, वरच्या फ्रिक्वेन्सी गाळून टाकल्या की तोच आकडा आपोआप सुधारतो, चित्रातली बारीक माहिती गेली तरी. त्यामुळे 'आमचा एनआरएमएस अमुक टक्के' एवढंच वाचून काही कळत नाही. कुठल्या खिडकीत मोजला, कुठल्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यात मोजला, वेळ जुळवण्याआधी की नंतर, आणि तो संपूर्ण नकाशाचा एकच सरासरी आकडा आहे की जागोजागी वेगळा, हे सांगितलं नसेल तर आकडा शोभेचा.

माझी खरी तक्रार पुढची आहे. दोन्ही सर्वे जुळवण्यासाठी जी प्रक्रिया करतात, क्रॉस-इक्वलायझेशन, तिचं उद्दिष्टच हा आकडा कमी करणं असतं. जिथे बदल अपेक्षित नाही अशा वरच्या थरांत फिल्टर ठरवायचा आणि खाली साठ्याला लावायचा, हा नियम. पण फिल्टर जरा जास्त जोरात लावला, किंवा खिडकी साठ्यापर्यंत खाली आली, तर खरा बदलही पुसला जातो. एनआरएमएस मात्र अधिकच छान दिसतो! जो आकडा कमी करायला आपण बसलोय, तोच कमी झाला म्हणून पाठ थोपटून घेणं म्हणजे स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासण्यासारखं आहे. तो सारखेपणाचा माप आहे, खरेपणाचा नाही.

आणि वरच्या थरांत 'बदल अपेक्षित नाही' हे तरी नेहमी खरं असतं का? मेक्सिकोच्या आखातातलं जेनेसिस क्षेत्र, सुमारे ८०० मीटर पाण्यातलं, याचं ठळक उदाहरण आहे. तिथे साठ्यातला दाब कमी झाला, वाळू दबली, आणि वरचे थर किंचित ताणले गेले. ताणलेल्या खडकात वेग कमी होतो, म्हणून साठ्याच्या वरही वेळेतला फरक दिसला. तिथे तो नॉइज नव्हता, खरा बदल होता. हॅचेल आणि बोर्न यांनी २००५ मध्ये याच ताणाचं आणि वेगाचं नातं एका साध्या गुणकात मांडलं. थोडक्यात, 'वर काही दिसलं तर खोटं' हा सरांच्या प्रश्नातून निघणारा सोपा नियमही आंधळेपणाने लावता येत नाही. माझ्या पट्ट्याच्या बाबतीत तो लागू पडला, कारण पट्टा जहाजाच्या मार्गाला समांतर होता आणि समुद्रतळापासून खालपर्यंत बदलत नव्हता. दबलेल्या साठ्याच्या वरचा ताण साठ्याच्या आकारामागे जातो, जहाजामागे नाही.

लाल म्हणजे काय, निळा म्हणजे काय

समजा नॉइज सगळा गेला. नकाशा शुद्ध आहे. तरी अर्थ लावायचा राहतोच.

तेलाच्या जागी पाणी आलं की खडक कडक होतो, निळा. तेलातून वायू सुटला की मऊ होतो, लाल. पण पाणी आत सोडून दाब वाढवला तरी मऊ होतो, कारण वाळूच्या कणांवरचा परिणामी ताण कमी होतो. दाब कमी झाला की उलट कडक होतो. पण दाब बबल पॉइंटच्या खाली गेला की वायू सुटतो आणि परत मऊ. आता इंजेक्शन विहिरीच्या जवळ काय होईल? पाणी आलं म्हणून कडक, दाब वाढला म्हणून मऊ. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकू शकतात. नकाशावर पांढरं. आणि पेपरात लिहिलं जातं, 'या भागात इंजेक्शनचा परिणाम पोचलेला नाही.'

दाब आणि संपृक्तता वेगळी करायची वाट मार्टिन लँद्रो यांनी २००१ साली दाखवली. उत्तर समुद्रातल्या गुलफाक्स क्षेत्रावर त्यांनी ती वापरली. कल्पना सुंदर आहे: जवळून आणि लांबून, म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून येणाऱ्या प्रतिध्वनीवर दाबाचा आणि द्रवाचा परिणाम वेगवेगळा होतो, तर दोन समीकरणं मांडून दोन अज्ञातं काढायची. मी तो पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा अक्षरशः टाळी वाजवावीशी वाटली. त्यांनी गृहीतकंही लपवलेली नाहीत: वरचा खडक बदलत नाही, बदल लहान आहेत, गुणक माहीत आहेत.

अडचण नंतरच्यांची आहे. पद्धत उचलली, गृहीतकं तिथेच ठेवली. ते गुणक येतात कुठून? बहुतेक वेळा प्रयोगशाळेतून, खोलवरून काढून आणलेल्या खडकाच्या नमुन्यावरून. नमुना वर आणताना त्याच्यावरचा भार जातो, बारीक भेगा पडतात, आणि मग दाबाला तो साठ्यातल्या खडकापेक्षा जास्त प्रतिसाद देतो. शिवाय प्रयोगशाळेत मोजमाप लाखो हर्ट्झवर होतं, सर्वेत काही दहा हर्ट्झवर. लांबच्या कोनाचा डेटा नॉइजला जास्त बळी पडतो हे वेगळंच. गुणक थोडे हलवले तर दाबाचा नकाशा किती हलतो, ही एक आकृती दिली तर सगळं स्पष्ट होईल. मी वाचलेल्या कितीतरी पेपरांत तीच नेमकी नसते.

वायूच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. शेटलंडच्या पश्चिमेला, ४०० ते ६०० मीटर पाण्यातलं फॉइनेव्हन क्षेत्र बघा. १९९७ च्या नोव्हेंबरात उत्पादन सुरू झालं. त्याच्या दोन वर्षं आधीच तिथे समुद्रतळात हायड्रोफोन पुरून बेस सर्वे घेतला होता. हे दूरदृष्टीचं काम होतं. तिथलं तेल बबल पॉइंटच्या जवळच होतं, त्यामुळे दाब घसरला तसा वायू सुटला आणि फोर-डीत उजळ दिसला. इथपर्यंत ठीक. पण किती वायू? गासमान यांचं १९५१ चं समीकरण घेऊन बसलात तर कळतं की छिद्रांमधल्या द्रवात पाच टक्के वायू आला तरी तो द्रव एकदम दबण्याजोगा होतो, वेग धपकन पडतो. त्यानंतर वायू चाळीस टक्क्यांवर गेला तरी वेग फारसा आणखी पडत नाही. म्हणजे सिस्मिक सांगतं 'वायू आहे', 'किती आहे' हे जवळजवळ सांगतच नाही. आणि उत्पादन इंजिनियरला नेमकं 'किती' हवं असतं. पाच टक्के वायू जागीच अडकून राहील, चाळीस टक्के विहिरीकडे धावेल. लाल रंगाच्या गडदपणावरून वायूचं प्रमाण वाचणारी वाक्यं पेपरात दिसली तर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा.

जुळलं म्हणजे सिद्ध झालं का?

आता मुख्य मुद्दा. फोर-डीच्या ठरावीक पेपरात शेवटी एक आकृती असते: फरकाचा नकाशा, त्यावर विहिरी, आणि प्रत्येक विहिरीशेजारी उत्पादनाचा छोटा आलेख. खाली वाक्य: 'फोर-डी प्रतिसाद उत्पादनाच्या इतिहासाशी सुसंगत आहे.' मी त्या वाक्याला आता घाबरते.

वरचे अर्थ पुन्हा बघा. लाल आला, तर वायू किंवा वाढलेला दाब. निळा आला, तर पाणी किंवा घटलेला दाब. पांढरा आला, तर बदल नाही किंवा दोघांनी एकमेकांना खाल्लं. कुठलाही रंग येवो, स्पष्टीकरण तयार आहे. जे कुठल्याही निकालाशी सुसंगत असतं ते कुठल्याही निकालाने सिद्ध होत नाही. नकाशा चूक ठरण्याची शक्यताच ठेवली नसेल तर तो बरोबर ठरला याला अर्थ काय?

आकड्यांत बघू. समजा दहा उत्पादन विहिरी आहेत आणि नकाशाचा ४० टक्के भाग रंगलेला आहे. रंग निव्वळ योगायोगाने पडला असता तरी सरासरी चार विहिरी रंगात आल्या असत्या. दहापैकी सहा किंवा जास्त विहिरी निव्वळ नशिबाने रंगात येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के, म्हणजे साधारण सहा वेळांत एकदा. त्यात 'विहिरीच्या जवळपास' असली तरी जुळली म्हणायची सवलत घेतली, तर रंगलेला भाग ६० टक्के धरल्यासारखं होतं आणि सहा विहिरी जुळणं ही निव्वळ सरासरी ठरते. माझ्या दीड पानात मी नेमकी हीच सवलत घेतली होती. विहीर पट्ट्यात नव्हती, 'शेजारी' होती.

आकृतीची युक्तीही लक्षात ठेवा. फरकाचा आरएमएस काढला तर तो कधीच शून्य येत नाही, कारण वर्ग केल्यावर सगळं धन होतं. निव्वळ नॉइजचाही रंगीत नकाशा तयार होतो. 'फक्त ऋण अँप्लिट्यूडची बेरीज' काढली तर नॉइजमधूनही मऊपणाच दिसणार. रंगपट्टी दोन्ही टोकांना कापली की मध्यम फरकही जोरदार दिसतो. यातलं काही फसवणूक नाही, रोजच्या सवयी आहेत. पण या सवयी सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या आहेत, काहीतरी दिसावं या बाजूला.

त्याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे वर्तुळ. आधी साठ्याचं सिम्युलेशन मॉडेल फोर-डीशी जुळेपर्यंत बदलायचं, चॅनेलची रुंदी, फॉल्टची गळती वगैरे. मग त्या मॉडेलमधून कृत्रिम फोर-डी काढायचं आणि खऱ्याशी जुळतं म्हणून मॉडेल पक्कं मानायचं. शेवटी तेच मॉडेल दाखवून म्हणायचं की फोर-डीचा अर्थ बरोबर लावला होता. दोघं एकमेकांचे जामीनदार, तिसरा साक्षीदार कुणीच नाही. तिसरा साक्षीदार एकच असू शकतो: नंतर खणलेली विहीर, जिच्याबद्दल आधी लिहून ठेवलं होतं की इथे अमुक सापडेल.

दुसरी बाजू

एवढं वाचून कुणाला वाटेल की फोर-डी म्हणजे थोतांड. तसं अजिबात नाही, आणि तसं वाटू दिलं तर मीच चुकले.

अंगोलाच्या किनाऱ्यापलीकडे सुमारे १,३५० मीटर पाण्यातलं जिरासोल घ्या. उत्पादन २००१ च्या डिसेंबरात सुरू झालं. बेस सर्वे १९९९ चा, पहिला मॉनिटर २००२ चा, म्हणजे जेमतेम वर्षभरात, आणि पुढचा २००४ चा. तिथली वाळू तरुण, मऊ, नीट न बांधलेली. वायू आत सोडला जात होता. अशा ठिकाणी फरक इतका मोठा असतो की माझ्या सगळ्या शंका त्याच्यापुढे लहान होतात. वायू चॅनेलमधून कुठवर गेला हे दिसतं, आणि इतक्या लवकर दिसल्यामुळे पुढच्या विहिरींच्या नियोजनात उपयोगही होतो.

ब्राझीलमधलं जुबार्ते दुसऱ्या टोकाचं. सुमारे १,३०० मीटर पाणी आणि जड तेल. जड तेल आणि पाणी यांच्यात ध्वनीच्या दृष्टीने फरक कमी, म्हणजे संकेत मुळातच बारीक. तिथे पेत्रोब्रासने २०१२ मध्ये समुद्रतळावर फायबर-ऑप्टिक सेन्सरची कायमची केबल टाकली. सेन्सर हलतच नाहीत म्हटल्यावर जागा चुकण्याचा निम्मा प्रश्न मिटतो. ध्वनीला पाण्यातून जावं लागतंच, पण वरून खाली एकदाच. मला हा दृष्टिकोन आवडतो: संकेत बारीक आहे हे आधीच मान्य करून मोजमाप सुधारणं. प्रोसेसिंगने मागाहून रंग आणणं नाही.

कंपनीतले लोक आणखी एक मुद्दा मांडतात, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, आम्हाला सत्य नको, निर्णय हवा. नकाशा ७० टक्के बरोबर असला तरी काहीच नसण्यापेक्षा बरा. मान्य. पण मग ७० टक्के हा आकडा कुठून आला ते सांगा. निर्णयाला शक्यता लागते, आणि शक्यता काढायला चुकलेल्या वेळाही मोजाव्या लागतात. इथेच साहित्य लंगडं पडतं. ज्या सर्वेत काही दिसलं नाही, त्यावर पेपर लिहायला कोण परवानगी मागणार आणि कोण देणार? त्यामुळे आपण विद्यार्थी फक्त जिंकलेल्या सामन्यांची वर्णनं वाचतो आणि समजतो की हा संघ हरतच नाही. शिवाय मऊ वाळूतलं यश डोक्यात ठेवून ब्राझीलच्या क्षाराखालच्या कडक कार्बोनेट साठ्यांकडे तीच अपेक्षा घेऊन गेलो, तर पहिला मॉनिटर बघून निराशा ठरलेली.

पेपर वाचताना, आणि लिहिताना

मी आता पेपर हातात घेतला की निष्कर्ष वाचण्याआधी पाच गोष्टी शोधते. तुम्हीही करून बघा.

१. साठ्याच्या वरच्या थरांचा फरक-नकाशा, त्याच रंगपट्टीत, दिला आहे का? नसेल तर साठ्याचा नकाशा अर्धाच दिला आहे.

२. एनआरएमएस जागोजागी दाखवला आहे की एकच आकडा? कुठल्या खिडकीत, कुठल्या टप्प्यावर?

३. सर्वेच्या फेऱ्यांची दिशा नकाशावर आहे का? खुणा तिला समांतर असतील तर थांबा.

४. अपेक्षित बदल मॉनिटर बघण्याआधी मोजला होता का? 'किती मिलिसेकंद, किती टक्के अपेक्षित' हे आधी, आणि मोजलेलं नंतर, अशा क्रमाने लिहिलं आहे का?

५. न जुळलेल्या विहिरींचं काय झालं? सगळ्याच जुळल्या असं म्हणत असतील, तर जुळण्याची व्याख्या शोधा.

यातलं चौथं सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात कमी केलं जातं. त्याला नवा सर्वे लागत नाही, नवं सॉफ्टवेअर लागत नाही. मॉनिटरची फाइल उघडण्याआधी एका पानावर तारीख घालून लिहायचं: अमुक विहिरीभोवती कडकपणा दिसायला हवा, अमुक ठिकाणी काहीच दिसायला नको, आणि असं दिसलं तर माझं मॉडेल चूक. तिसरं वाक्य लिहायला जड जातं. पण त्याच्याशिवाय पहिली दोन वाक्यं म्हणजे पंचांगातलं भविष्य, काहीही घडलं तरी खरं ठरणारं.

मी आता ते पान लिहिते. माझ्या पुढच्या मॉनिटरसाठी सहा जागा आधी लिहून ठेवल्या होत्या. तीन जुळल्या, दोन जुळल्या नाहीत, एकीबद्दल नॉइजमुळे काहीच म्हणता येत नाही. प्रकरणाचा शेवट पूर्वीइतका झकास राहिला नाही. न जुळलेल्या दोनपैकी एक जागा मात्र अशा फॉल्टजवळ आहे, जो आमच्या मॉडेलमध्ये बंद धरला होता आणि बहुधा उघडा आहे. जुळलेल्या तीन जागांनी मला जे आधीच माहीत होतं तेच सांगितलं. नवीन काही सांगितलं ते या चुकलेल्या जागेने, आणि सध्या माझं काम तिथेच चालू आहे.